आठ पानांत मावले तेवढे आबा

आबा गेले त्या दिवशी दुपारपर्यंत स्टँडवर त्यांचा फ्लेक्स लागला होता. 'दुसऱ्या महायुद्धातील वीर योद्धा', खाली आबांचा फेट्यातला फोटो आणि मागं आकाशात तीन लढाऊ विमानं, तीही हल्लीची, जेट. आबा पायदळातले. विमानात ते आयुष्यात एकदाही बसले नाहीत. पण 'सैनिक' म्हटलं की फ्लेक्सवाल्याकडं हे एकच डिझाइन होतं, त्याला तरी काय बोलणार.

दहाव्याच्या दिवशी धाकट्या काकांनी ठरवलं की वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची. आठ पानं, आर्ट पेपर, पाचशे प्रती. मी हायस्कूलला मराठी शिकवते, त्यामुळं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे विचारायची गरज नव्हती. मला वाटलं, दोन रविवार लागतील. प्रत्यक्षात दहा महिने लागले.

छापखान्यातल्या पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, "जन्मतारीख?" तिथंच गाडी अडली.

आबांची काळी लोखंडी ट्रंक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासमोर उघडली. आत एक कडक झालेला पट्टा, घोंगडीचा एक तुकडा, मेणकापडात गुंडाळलेलं डिस्चार्जचं पुस्तक आणि पेन्शनचे कागद. डिस्चार्जच्या पुस्तकात भरतीचा महिना नोव्हेंबर १९४२ आणि वय अठरा. म्हणजे जन्म १९२४ चा. पण घरातली मोजदाद वेगळी. आमची पणजी सांगायची की आबांच्या थोरल्या आत्याच्या लग्नात हा पाळण्यात होता, आणि ते लग्न झालं १९२६ साली. म्हणजे आठवडी बाजारात भरतीवाल्यांपुढं उभे राहिले तेव्हा आबा फार तर सोळा वर्षांचे होते. छाती फुगवली, वय फुगवलं आणि बेळगावला मराठा पलटणीत गेले.

या खोट्या दोन वर्षांची गंमत पुढं साठ-सत्तर वर्षांनी कळली. पेन्शनीत वयाप्रमाणं वाढ मिळते: ऐंशीला २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरी गाठली की थेट १०० टक्के. आबांची प्रत्येक वाढ दोन वर्षं आधी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कागदोपत्री शंभर वर्षांचे झाले, तेव्हा अण्णांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. आबा हसले. म्हणाले, "जल्मात एकदाच खोटं बोललो, शंभर टक्के फळलं बघ." जानेवारीत गेले. तेव्हा कागदावर शंभर आणि घरच्या हिशेबानं अठ्ठ्याण्णव. पहिल्या पानावर काय छापायचं यावर घरात तीन बैठका झाल्या. काकांना 'शतायुषी' हा शब्द हवाच होता. आत्याचं म्हणणं, देवाच्या दारात खोटं कशाला. शेवटी जन्मसाल छापलंच नाही, फक्त 'भरती १९४२' असं घातलं. काका अजून नाराज आहेत.

हयातीच्या दाखल्याचंही लिहिलं पाहिजे, जरी स्मरणिकेत ते बसलं नाही. दर नोव्हेंबरात आबा जिवंत आहेत हे सिद्ध करावं लागायचं. पूर्वी साहेबासमोर बसून सही केली की झालं. पुढं बोटाचं यंत्र आलं. वर्षानुवर्षं नांगराचा रुमणा धरलेल्या बोटाला रेषा कुठल्या उरणार? यंत्र म्हणायचं, जुळत नाही. समोर माणूस धडधडीत बसलेला, आणि यंत्राला तो सापडत नाही. आबा बोट पंचाला पुसून पुन्हा ठेवायचे, पुन्हा पुन्हा, अगदी शिस्तीत. चिडले नाहीत कधी. फौजेत रांगेत उभं राहायची सवय होती म्हणायचे. शेवटी डोळ्याच्या यंत्रावर काम भागलं.

ट्रंकेत पदकं नव्हती. ती सापडली देवघरात, घंटा आणि पळी-पंचपात्राच्या शेजारी. दोन पितळी चांदण्या आणि एक गोल पदक. रिबनी केव्हाच गेलेल्या. आजी दर दिवाळीला बाकीच्या पितळेबरोबर त्या चांदण्याही चिंचेनं घासायची. मला नंतर समजलं की या महायुद्धाच्या चांदण्या ब्रिटिश सैनिकांना कोऱ्याच दिल्या होत्या, पण हिंदी फौजेच्या चांदण्यांवर मागच्या बाजूला सैनिकाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. आमच्याकडच्या चांदण्या उन्हात तिरप्या धरल्या तर नंबराचे शेवटचे तीन आकडे आणि आडनावाचं पहिलं अक्षर दिसतं. बाकीचं चिंचेनं नेलं. एक १९३९-४५ स्टार, दुसरा इटली स्टार. इटली स्टारच्या रिबनीत तांबडा, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, तांबडा असे पट्टे असतात, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. गोल पदक म्हणजे वॉर मेडल. ते चांदीचं असेल म्हणून आजीनं एकदा अडचणीत सोनाराकडं नेलं होतं. सोनारानं दगडावर घासून परत दिलं, तो ओरखडाही आहे.

आता लढाईचं पान. खरी पंचाईत तिथं झाली.

२०१६ साली मी आबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. चाळीस मिनिटं. तेव्हा मी हौसेनं प्रश्न काढून नेले होते: भीती वाटली का, शत्रू समोर दिसला का, गोळी लागली का. आबा भलतंच बोलत बसले. खेचरं, बर्फ, ओले बूट, जोंधळ्याची भाकरी न मिळाल्यानं पोटाची झालेली दशा. मला वाटलं, वय झालं, भरकटतात. ते रेकॉर्डिंग मी नऊ वर्षं पुन्हा ऐकलं नाही. आबा गेल्यावर कानात हेडफोन घालून ऐकायला बसले आणि पहिल्या दहा मिनिटांतच स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली. दर दोन मिनिटांनी मी म्हणतेय, "आबा, ते राहू द्या, लढाईचं सांगा." आणि आबा दर वेळी गप्प होतात, मग "व्हय" म्हणतात आणि पुन्हा खेचरांवर येतात.

मग मी ते रेकॉर्डिंग शब्दन् शब्द वहीत उतरवलं. चाळीस मिनिटांना सहा रात्री गेल्या. आबा गावांची नावं सांगत नाहीत, तारखा तर नाहीतच. पण एके ठिकाणी एका नदीचं सांगतात: "येडी नदी. आपल्या कॅनॉलएवढी. पन नदी वर आन् रान खाली. दोन्ही अंगाला मातीचं भराव, घराएवढं उंच. भरावाच्या पोटात जर्मन बसल्याला." डिस्चार्जच्या पुस्तकात पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, १७६८ सालापासूनची. तेव्हा रेजिमेंटचं नाव होतं पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ही पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये इटलीत होती. त्यावरून शोधत गेले आणि ती नदी सापडली: सेनिओ. अरुंद पात्र, दोन्ही बाजूंना पुराचे उंच बांध, सपाट मुलखाच्या वरून वाहणारी. ९ एप्रिल १९४५ ला दुपारी विमानांनी आणि तोफांनी ते बांध भाजून काढले आणि संध्याकाळी पलटणी नदीत उतरल्या.

त्याच दिवशी, त्याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळवला. दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं आणलं. मग हाताला गोळी लागलेली असताना एकट्यानं तीन मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष केला. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, तिबर नदीच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. आपल्याकडं माणगावला त्यांचा पुतळा आहे, पण रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांना तो कुणाचा हे ठाऊक असेल, देव जाणे.

काकांना मी हे सांगितलं आणि चूक केली. त्यांचे डोळेच चमकले. "म्हणजे आबा नामदेवरावांच्या शेजारीच होते की! लिही तसं." मी म्हटलं, कशावरून? "अगं, एकाच पलटणीत, एकाच नदीवर. कोण विचारायला येतंय?" मी त्यांना रेकॉर्डिंगचा तो भाग ऐकवला. आबा स्वच्छ म्हणतात, "त्या दिशी म्या मागं हुतो. पेट्या व्हायचं काम. गोळ्यांच्या पेट्या पुढं द्यायच्या, जखमी मागं आनायचं. रातभर." काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेट्या हे छापू नको, दारूगोळा लिही." ते मात्र मी ऐकलं.

माझ्या मामेबहिणीची मुलगी इंग्लंडात शिकते. लंडनजवळ क्यू इथं नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धदैनंदिन्या असतात, म्हणून तिला पाठवलं. तिनं काही पानांचे फोटो पाठवले. त्यात अधिकाऱ्यांची नावं असतात, आणि आपल्या जवानांचे आकडे. 'इंडियन अदर रँक्स', त्याचंही संक्षिप्त रूप आय.ओ.आर. इतके आय.ओ.आर. ठार, इतके जखमी. आबा त्यात कुठल्याच दिवशी नाहीत, कारण ना मेले, ना जखमी झाले. या युद्धात हिंदी फौजेत २५ लाख माणसं होती. धड परत आलेल्याची नोंद अशा वहीत होत नाही.

पण मेलेल्याची होते, आणि तिथं एक वेगळंच काम लागलं.

रेकॉर्डिंगमध्ये आबा एका दोस्ताचं सांगतात. शेजारच्या गावचा, भरतीला दोघं एकत्र गेलेले, रात्रभर चालत. "त्येला तिकडंच दिला," एवढंच. दिला म्हणजे अग्नी दिला. मला फक्त नाव ठाऊक होतं. युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधायला बसले. आपली नावं त्या काळच्या इंग्रज कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिलेली. एकाच आडनावाची चार-चार रूपं करून बघावी लागली. त्या नावाचे तीन सैनिक निघाले, तिघेही मराठा, त्यात दोघे सातारचे. शेवटी बापाचं नाव आणि गावाचं नाव जुळलं, गावाच्या नावात एक अक्षर चुकलेलं. इटलीत फोर्ली इथं हिंदी फौजेची दफनभूमी आहे, तिथंच दहन झालेल्यांचं स्मारक आहे, जवळजवळ आठशे नावांचं. त्यात तो. वय: एकोणीस.

ते पान छापून घेऊन मी आणि अण्णा त्या गावी गेलो. त्या घरात आता त्याच्या भावाचा नातू राहतो. गोठ्यात मशीनवर दूध काढत होता. आम्ही सांगितलं, तो हात पुसत बाहेर आला आणि कागद लांब धरून वाचला. त्यांच्याकडं त्याचा फोटो नव्हता, नाव माहीत होतं, 'लढाईत गेला' एवढं माहीत होतं. कुठल्या देशात ते नाही. त्या नातवाची म्हातारी आई आतून म्हणाली, "आबा दर पाडव्याला यायचं, त्ये का, त्ये आज कळलं." आबा दर पाडव्याला सायकलवर कुठंतरी जाऊन यायचे हे आम्हालाही माहीत होतं. आम्हाला वाटायचं बैल बघायला जातात. त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, पोरांच्या हातावर काही ठेवायचे आणि यायचे. सत्तर वर्षं. दोन्ही घरांत कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

स्मरणिकेत मला सगळ्यात अवघड गेलं ते पाचवं पान. आबा इटलीत होते तेव्हा आमच्या सातारा जिल्ह्यात वेगळंच युद्ध चाललं होतं. आबा भरती व्हायच्या दोनच महिने आधी, ९ सप्टेंबर १९४२ ला, 'चले जाव' चळवळीतल्या वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. आबांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, भूमिगतांना भाकरी आणि निरोप पोचवायचे. म्हणजे एकाच वाड्यात एका सोप्यावर फौजेची मनिऑर्डर यायची आणि दुसऱ्या सोप्यावर रात्री भूमिगत जेवायला यायचे. आबा परत आले तेव्हा तात्या रात्री मागच्या दारानं भेटायला आले आणि पहिलाच प्रश्न केला, "बंदूक आनलीस का?" आबा म्हणाले, "घोंगडी आनलीया." ट्रंकेतला तुकडा त्याच घोंगडीचा.

पुढं १९७२ साली तात्यांना स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला. पंधरा ऑगस्टला शाळेत तात्या खुर्चीवर असायचे आणि आबा मागं, लिंबाच्या पारावर. फौजेची पुढची तेरा वर्षं आबांनी स्वतंत्र भारताच्या फौजेतही काढली होती, तरी गावाच्या लेखी ते 'इंग्रजाच्या पलटणीतले'. यावर दोघा भावांत कधी भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नाही. तात्या गेले, मग त्यांच्या बरोबरीचे सगळे गेले, आणि साधारण नव्वदीनंतर आबांना एकदम शाळेतून बोलावणी यायला लागली. शाल, नारळ, झेंडा. आबा जायचे. एकदा परत येताना मला म्हणाले, "समदी गेली म्हनून मला बोलावत्यात. ऱ्हायलो, ह्योच पराक्रम." हे वाक्य मी छापलं. काकांनी खोडलं, मी पुन्हा घातलं, आणि प्रूफ छापखान्यात मी स्वतः नेऊन दिलं.

शेवटचं सांगायचं ते आबांच्या औताबद्दल. आबा नांगर धरायचे तेव्हा बैल फार ओढायला लागले की "पियानो, पियानो" म्हणायचे. बैल हळू व्हायचे. लहानपणी आम्हाला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं, बाकीचे 'हो हो' म्हणतात तसं आमचे आबा 'पियानो' म्हणतात. काकांनाही तीच सवय लागली. पुढं शाळेत वाद्याचं चित्र बघितलं तेव्हा मी हसले होते, एवढंच.

रेकॉर्डिंगच्या एकतिसाव्या मिनिटाला आबा सांगतायत की थंडीत एका म्हातारीच्या गोठ्यात पलटणीतल्या काही जणांना ठेवलं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ. गोठ्यात जनावरांची ऊब. "पांढरी बैलं, खिलारापरीस मोठी, शिंगं मातूर बारकी. म्हातारी कासरा धरायची आन् त्यास्नी म्हनायची..." आणि तिथं माझा आवाज येतो: "आबा, बैलांचं नको, लढाईचं."

पुढं काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. पण त्या रात्री मी मोबाइलवर तो शब्द इटालियनमध्ये शोधला. पियानो, पियानो. हळू, हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सांगायला मी पळतच काकांकडं गेले. ते गोठा झाडत होते. बैल विकून आता पंधरा वर्षं झाली, एक म्हैस आहे. मी सांगितलं की आबा आयुष्यभर बैलांशी इटालियनमध्ये बोलत होते, त्याचा अर्थ 'हळू' असा आहे.

काकांनी खराटा थांबवला.

"अर्थ हळूच की," ते म्हणाले. "बैलास्नी ठावं होतं."